काजवालीने न दिलेली माफी

गल्लीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. काजवाली, बस्स. शिंप्यांची गल्ली ती. एकाचं मशीन थांबलं तर दुसऱ्याचं सुरू. कोट कुणीही कापो, कुणीही शिवो, हाताचं काज करायची वेळ आली की कपडा हिच्याकडेच यायचा. मेण लावलेला दोरा, बोटात पितळेचं अंगुस्तान आणि मान खाली. या कामात आधी चांगल्या कापडाला भोक पाडायचं आणि मग त्याच्या कडा टाक्यांनी बांधून घ्यायच्या. भोक चुकीच्या जागी पडलं तर जगातला कुठलाही शिंपी ते बुजवू शकत नाही. रफू करतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, दिसत नाही हो. दिसतं.

गल्लीतलं सगळ्यात मोठं दुकान मास्तरांचं. माणूस मोठा धार्मिक. पाचही वेळा मशिदीत पहिल्या रांगेत, कमिटीवर मानाची जागा, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी अल्लाहचं नाव. कापड मारायचे नाहीत, वेळेवर द्यायचे. खोटं कशाला बोला, मास्तर बरेच चांगले होते. वाईट माणसाने केलेलं वाईट लोकांना लगेच ओळखता येतं. चांगल्या माणसाने केलेलं मात्र पचून जातं, ढेकरसुद्धा येत नाही.

काजवालीचा नवरा लवकर गेला. पदरात एक मुलगी आणि पाठचा भाऊ, त्याला सगळे धाकटा म्हणत. आईबाप गेल्यावर हिनेच त्याला वाढवला, हिनेच बोट धरून मास्तरांच्या दुकानात नेला. पोरगा कामाला असा लागला की थोड्याच वर्षांत मुख्य टेबलावर कापायला उभा राहिला. बहीण पडद्यामागे काजं करायची, भाऊ पुढे कात्री चालवायचा. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायची आणि शेवटच्या घासावरून भांडायची.

मग तो बटणाचा प्रकार झाला.

एका बड्या गिऱ्हाइकाच्या लग्नाचा कोट होता. त्याच्या गळ्याशी लावायला त्याने आजोबांचं बटण आणून दिलं होतं, सोन्याचं, मधे लाल खडा. मास्तरांनी ते एका डबीत घालून कापायच्या टेबलावर ठेवलं. कोट न्यायच्या दिवशी डबी उघडली तर रिकामी. गिऱ्हाईक लालबुंद झालं. दुकानाची अब्रू जायची वेळ आली, आणि अब्रू वाचवायची तर संध्याकाळच्या आत चोर सापडायला हवा होता.

चोर सापडला. संध्याकाळच्या नमाजनंतर मशिदीच्या अंगणात कमिटी बसली आणि मास्तर उभे राहिले. "अल्लाहला हाजिर मानून सांगतो," ते म्हणाले, "या पोराला डबीत हात घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काल दुपारी."

आदल्या दुपारी मास्तर दुकानात नव्हतेच. गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी माप घ्यायला गेले होते. हे काजवालीला ठाऊक होतं, पण तिचं ऐकणार कोण? चोराची बहीण ती. धाकटा नुसता उभा होता. त्याने एकदाच विचारलं, "मास्तर, मी?" मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

खोटी साक्ष हा मोठा गुन्हा, हे त्या अंगणात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर फरिश्ते बसलेत आणि तोंडातून निघालेला शब्द न् शब्द टिपून ठेवतात, हेही पाठ. अल्लाह एक, त्याची पुस्तकं, त्याचे पैगंबर, शेवटचा दिवस, सगळं तोंडपाठ. माझं म्हणणं एवढंच, की पाठ असलेल्या गोष्टीचं ओझं होत नाही.

धाकट्याला कुठल्याच दुकानाने उभं केलं नाही. ठरलेली सोयरीक मोडली. तो परगावी गेला, आणि कात्री धरणारे ते हात बांधकामावर विटा उचलू लागले. वर्ष-दीड वर्षाने तो फळीवरून पडल्याचा निरोप आला. मातीही तिकडेच झाली. काजवालीच्या घरी भेटायला आलेल्यांत मास्तर सगळ्यात पुढे. डोळे पुसत म्हणाले, "त्याची तेवढीच लिहिलेली होती बाई. लिहिलेलं कुणाला चुकलंय?"

नशिबावर विश्वास ठेवणं हे ईमानाचंच कलम आहे, त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण त्या फळीवर त्याला चढवलं कुणी, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. काजवालीनेही नाही. पोटाला लागतं, म्हणून महिन्याभरात ती पुन्हा मास्तरांच्या पडद्यामागे जाऊन बसली.

पुढे काही वर्षांनी तो लग्नाचा कोट दुकानात परत आला. नवऱ्या मुलाचं पोट सुटलं होतं आणि मेहुण्याच्या लग्नात त्याला तोच कोट मिरवायचा होता. उसवायचं काम काजवालीकडे. तिने खालची दुमड सोडली, अस्तर आणि आतलं कडक बकरम यांच्या मधे बोट घातलं, आणि बोटाला काहीतरी टणक लागलं. लाल खडा. अर्धवट शिवलेला कोट टेबलावर पसरलेला असताना बटण केव्हातरी उघड्या राहिलेल्या डबीतून घरंगळून अस्तरात गेलं होतं, आणि वरून दुमड घातली होती मास्तरांनी. स्वतःच्या हातांनी. त्यांचा टाका ती अंधारातही ओळखायची.

ती पडद्याबाहेर आली आणि बटण टेबलावर ठेवलं. मास्तरांचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पडला. ते म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. मी बघतो."

या 'मी बघतो'वर ती वेडी शुक्रवारपर्यंत जगली. तिला वाटलं, शुक्रवारी सगळी गल्ली जमते, मास्तर उभे राहतील, म्हणतील. अल्लाहला भिणारा माणूस आहे, म्हणेल. शुक्रवारी ती अंगणाच्या दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. नमाज झाली, माणसं चपला घालून निघाली, मास्तरही निघाले.

दोन दिवसांनी गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. काजवाली पडद्यामागे. पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "आणि हे घ्या तुमचं बटण. मरायच्या आधी पोराला उपरती झाली हो. कुणाच्या तरी हाती पाठवून दिलं. म्हटलं, ज्याची वस्तू त्याला पोचावी." गिऱ्हाईक गहिवरलं. "मास्तर, असं इमान आजच्या काळात राहिलंय कुठे!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण ऐकून असतो. इथे फाशी दिलेल्याच्या तोंडून कबुलीजबाबही घेतला, आणि तो मेल्यावर. काजवालीने हातातलं काज पूर्ण केलं, दोरा तोडला, अंगुस्तान पिशवीत टाकलं आणि ती मागच्या दाराने निघून गेली. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही.

ती गेली मौलवीसाहेबांकडे. भला माणूस, मऊ आवाजाचा, बायकांना दर आठवड्याला धर्म शिकवणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बटण सापडताना तुझ्याशिवाय कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग साक्षीदार नाही, बाई. साक्षीशिवाय एखाद्या इज्जतदार माणसावर आळ घेणं हाही गुन्हाच."

"माझ्या भावावर घेतला तेव्हा किती साक्षीदार होते?"

मौलवीसाहेब दाढीवरून हात फिरवत राहिले. ती उठली.

तेव्हापासून ती घरी बसून दुसऱ्या दुकानांची काजं करू लागली. मुलगी मोठी झाली. बघायला येणारे येत, चहा पीत, मुलगी पसंतही पडे. मग गल्लीत कुणीतरी त्यांच्या कानाला लागे, आणि चोराची भाची आहे म्हणून ते हात झटकून मोकळे होत. बटण परत मिळालं होतं, तरी चोरी तशीच राहिली होती. उलट पक्की झाली होती.

आणि मग मास्तर हजला निघाले.

हजला जायचं तर आधी गावाची माफी मागायची रीत. त्यामागे एक मोठी गोष्ट आहे, आणि मौलवीसाहेबांनीच ती बायकांना शिकवली होती. अल्लाहचं काही चुकवलं तर अल्लाह माफ करील. तो दयाळू आहे. पण माणसाने माणसाचं काही बिघडवलं असेल तर ते त्या माणसाच्याच हातात. त्याने माफ केलं तरच सुटका. नाहीतर कयामतच्या दिवशी दोघं समोरासमोर. तिथे पैसा चालत नाही, वशिला चालत नाही. बिघडवणाऱ्याने जन्मभर जोडलेलं पुण्य काढून ज्याचं बिघडलं त्याला द्यायचं. हे ऐकताना बाकीच्या बायका पोरांना गप्प करत होत्या. काजवाली मात्र कान देऊन ऐकत होती. जगात तिच्याकडे काही नव्हतं. एवढी एकच गोष्ट तिची आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

मास्तर दारोदार फिरले. बरोबर मुलगा, कमिटीचे दोघंतिघं. प्रत्येक दारात एकच वाक्य, "बोललं-चाललं माफ करा." समोरचा हात हातात घेऊन म्हणायचा, "माफ, माफ, आमच्यासाठी दुआ करा." की पुढचं दार. इतक्या झटपट तर काजसुद्धा होत नाही.

काजवालीच्या दाराशी मास्तर जरा थबकले, पण आले. "बोललं-चाललं माफ कर, बाई."

तिने मांडीवरचा कोट बाजूला ठेवला. "काय बोललं, मास्तर?"

"असंच... इतकी वर्षं एकत्र काम केलं. कळत-नकळत काही..."

"नकळतचं सगळं माफ. कळून केलेलं एक आहे. ते तेवढं सांगा. काय केलं, ते तोंडाने म्हणा, मी लगेच माफ करते. इथे नको, अंगणात म्हणा. जिथे आधी बोललात, तिथेच."

मुलगा पुढे झाला, "काकी, अब्बा हजला चाललेत. मनात नका ठेवू."

"मनात नाही रे ठेवलं. ते गावभर आहे. म्हणून तर अंगणात म्हणते."

मास्तरांचे ओठ हलले. त्या क्षणी, ती पुढे मुलीला सांगायची, तो माणूस बोलणार होता. मग त्यांनी शेजारी उभ्या कमिटीकडे पाहिलं आणि खाली चपलांकडे पाहिलं. "अल्लाह जाणतो," ते पुटपुटले.

"तो जाणतोच. गल्लीला कळायचं राहिलंय," काजवाली म्हणाली. "मग मी नाही केलं माफ."

झालं! हजला निघालेल्याला नाही म्हणाली! गल्लीच्या तोंडाला कुलूप कोण घालणार? भाऊ चोर, बहीण कजाग. पाषाणहृदयी. पैगंबरांनी शत्रूंनाही माफ केलं आणि ही कोण लागून गेली? दुकानांनी काजं पाठवायची कमी केली. मौलवीसाहेब स्वतः आले, चटईवर बसले. "माफ करणाऱ्याचा दर्जा फार मोठा असतो, बाई."

"आणि गुन्हा कबूल करणाऱ्याचा?"

"तोही मोठाच."

"मग मोठा दर्जा आधी त्यांना घेऊ द्या. ते वडीलधारे."

मौलवीसाहेबांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाढीत दडवलं. मुलगी मात्र रडली. "आई, म्हण ना एकदा. एक शब्द तर आहे. संपव हे. मला या गल्लीत राहायचंय."

"शब्दच होता ना गं तो पण," काजवाली म्हणाली. "मास्तरांचा. एकच."

मास्तर हजला गेले. आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना टाके घालणारा माणूस दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं गुंडाळून लाखो लोकांत उभा राहिला. राजा आणि हमाल तिथे एकाच कपड्यात. परत आले तेव्हा दुकानावर दिवे, गळ्यात हार, आणि नावामागे हाजी. लोक म्हणाले, आता हे नुकत्याच जन्मलेल्या लेकरासारखे स्वच्छ. काजवाली दारातून मिरवणूक बघत होती. तिला शिकवलेलं ती विसरली नव्हती, बाकीचे विसरले होते.

वर्ष उलटलं नाही तोच मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मास्तरीणबाईंनी काजवालीला बोलावणं पाठवलं. ती गेली. खाटेवर मास्तर पडले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. हिला पाहताच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डावा हात उचलून काहीतरी सांगू लागले. "ब... ब... ब..."

काजवालीला वाईट वाटलं. खोटं कशाला, खूप वाईट वाटलं. तिने पदराने त्यांची लाळ पुसली. ज्या जिभेची ती इतकी वर्षं वाट पाहत होती, ती आता खरंच हलत होती आणि तिच्यातून काही निघत नव्हतं.

"बघ, माफीच मागतायत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता तरी म्हण."

"वहिनी, यांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तुम्ही म्हणा अंगणात, यांच्या वतीने. मी या पायांवर डोकं ठेवून माफ करते."

मास्तरीणबाईंनी पाण्याचा पेला उगाचच इकडचा तिकडे ठेवला. त्यांना माहीत होतं, नाही म्हणाल्या नाहीत. "मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो गं? आम्हाला इथे राहायचंय. लेकरंबाळं आहेत. दुकान आहे."

"मेलेल्याला फरक पडत नसेल," काजवाली म्हणाली, "तर मास्तरांनाही पडणार नाही. कशाला घाबरता?"

खाटेवरचा हात तिच्या पदराकडे येत होता. तो पोचायच्या आत ती उठली. ती तशी उठली याचं तिला पुढे जन्मभर लागून राहिलं. हात कशासाठी येत होता, कोण जाणे.

मास्तर त्याच आठवड्यात गेले. शुक्रवार होता, त्यामुळे जनाज्याला सगळी गल्ली लोटली. अंगणात रांगा लागल्या, मालक आणि कारागीर खांद्याला खांदा लावून. समोर न शिवलेल्या कफनात मास्तर. बायका या नमाजला जात नसत. काजवाली दाराशी आली, त्याच भिंतीला टेकून उभी राहिली.

नमाजच्या आधी मुलगा पुढे झाला. तीही रीतच. आवाज रडवेला होता. "माझ्या वडिलांकडून कुणाचं काही दुखलं-खुपलं असेल, कुणाचा हक्क राहिला असेल, त्याने मला सांगावं. नाहीतर अल्लाहसाठी माफ करावं."

"माफ! माफ!" सगळं अंगण एका आवाजात म्हणालं. ज्यांचं मास्तरांनी कधी काही बिघडवलं नव्हतं त्या सगळ्यांनी दिलदारपणे माफ केलं. दुसऱ्याच्या पाठीवरचा मार माफ करायला काय लागतं?

"माझा आहे," दारातून आवाज आला.

माना वळल्या.

"माझा हक्क राहिलाय. याच अंगणात माझ्या भावाला..."

मुलगा पांढराफटक पडला. कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवशी तरी लाज!" काजवाली मौलवीसाहेबांकडे बघत होती. बाकी कुणाकडून तिची अपेक्षा नव्हती. त्यांनी शिकवलं होतं. त्यांना माहीत होतं, की ती जे मागते आहे ते कमिटीचं नाही, मुलाचं नाही, तिचं स्वतःचं आहे. मौलवीसाहेबांनीही तिच्याकडे पाहिलं. भला माणूस, मऊ आवाजाचा.

मग त्यांनी तोंड फिरवलं आणि दोन्ही हात कानांपर्यंत उचलले. "अल्लाहु अकबर."

शेकडो हात वर गेले, छातीवर आले. आता कुणी वळणार नव्हतं. नमाजमध्ये वळत नाहीत. त्या शेकडो पाठींना काजवालीने सगळं सांगितलं, बटण, अस्तर, दुमड, पडद्यामागे ऐकलेलं. आवाज चढवला नाही. ऐकू प्रत्येकाला गेलं, ऐकलं एकानेही नाही. नमाज संपवणारा सलाम फिरवायच्या आत ती घरी निघून गेली होती.

मातीहून परतताना मुलगा तिच्या दारात आला. डोळे सुजलेले, चपलांना कबरीची ओली माती. "काकी, सगळ्या गावाने माफ केलं," तो म्हणाला. "अल्लाहही करील. तो माफ करणारा आहे."

"त्याचं तो करील, बाळा. त्याच्यात मी पडत नाही," ती म्हणाली. "माझं माझ्याकडे आहे. तुझ्या हातात आहे अजून. पुढच्या शुक्रवारी उभा राहा आणि म्हण. मी तिथल्या तिथे सोडते तुझ्या बापाला."

त्याने चपलेची माती उंबऱ्याला घासली. मग म्हणाला, "बघतो."

बापाचाच मुलगा. शुक्रवार आला, गेला. त्यानंतरचेही.

हल्ली काजवालीला लांबचं दिसतं, सुईचं नाक दिसत नाही. मुलगी दोरा ओवून देते. तिचं लग्न व्हायचं राहिलंच. एकदा मशिदीतून हजला जाणाऱ्यांची नावं पुकारत होते, तेव्हा मुलगी सहज बोलून गेली, "आई, आपल्या नशिबात कुठली हज!"

काजवाली हसली. "आहे की. मास्तरांनी केलीय ना आपल्यासाठी. कयामतच्या दिवशी त्यांच्याकडून काढून मलाच देणार आहेत. त्यांच्या नमाजासुद्धा, पहिल्या रांगेतल्या."

मुलगीही हसली. मग तिने बघितलं तर आईचं हसू केव्हाच संपलं होतं. हातातलं काज अर्धं होतं, आणि सुई थांबली होती.

"मला काय करायचीय गं त्यांची हज," ती म्हणाली. "धाकटा चोर नव्हता, एवढंच म्हणायचं होतं त्यांनी."

तिने चाचपून भोकाची कड शोधली आणि पुढचा टाका घातला.